बोलावून केलेला अपमान

२०२४ सालच्या जुलै महिन्याची १६ तारीख मुंबईकरांच्या स्मरणातून एव्हाना पुसली गेली असेल. त्या दिवशी कलिन्याला विमानतळाच्या परिसरात जे घडले, त्याची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. चार दिवस हळहळ झाली, पुढाऱ्यांची विधाने निघाली, आणि मग शहर आपल्या कामाला लागले. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या कंपनीने थेट मुलाखतींसाठी उमेदवारांना बोलावले होते. काम विमानांत सामान चढविण्या-उतरविण्याचे आणि तत्सम अंगमेहनतीचे. पगार महिन्याला साडेबावीस हजारांच्या आसपास. जागा २२१६. वृत्तपत्रांतील आकड्यांनुसार त्यांच्यासाठी लोटलेले तरुण पंचवीस हजारांच्या घरात होते. कोणी विदर्भातून रात्रभर प्रवास करून आले होते, तर कोणी थेट राजस्थानातून. त्यांत पदवीधर होते आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेही होते. दारावर रेटारेटी झाली. चेंगराचेंगरी होता होता टळली. उन्हापावसाचे दिवस असताना तासन् तास ताटकळलेल्यांना ना अन्न मिळाले, ना पाणी, ना बसावयास जागा. अखेर ‘कागद येथे ठेवा आणि घरी जा’ असे सांगून ती गर्दी पांगविण्यात आली.

हा जुना विषय आज आम्ही मुखपृष्ठावर का आणीत आहोत, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, तो जुना झालेला नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची ने-आण करण्याची त्याची क्षमता आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली, ती विमाने आता एकामागून एक येत राहणार. विमान आले की त्याच्या पाठोपाठ माणसे लागतात: वैमानिक, सेविका, तंत्रज्ञ, तिकीट तपासणारे, सामान उचलणारे, सफाई करणारे. म्हणजे जाहिराती निघणार आणि उलवे, पनवेल, उरणच्या ज्या गावांनी या विमानतळासाठी जमिनी दिल्या, तेथील मुलांपासून थेट बुलढाण्या-गडचिरोलीच्या मुलांपर्यंत हजारो तरुण पुन्हा कोणत्या तरी फाटकाशी उभे राहणार. त्या फाटकावर त्यांचे स्वागत कसे होणार, हा प्रश्न भरती होऊन गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही. तो आजच विचारला पाहिजे.

कलिन्याच्या प्रकारानंतर जी चर्चा झाली ती बहुतेक सगळी बेकारीबद्दलची होती. बेकारी आहे हे कोण नाकारील? ज्याच्या घरी दोन वेळची चूल नीट पेटते, तो पदवी खिशात घालून ओझी उचलावयास येत नाही. परंतु बेकारीची ही चर्चा करता करता एक साधी गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटली, आणि आमच्या मते तीच मुख्य गोष्ट आहे. त्या दिवशी तेथे जमलेले तरुण आपण होऊन आलेले नव्हते. त्यांना बोलावण्यात आले होते. जाहिरात ज्याने दिली, दिवस ज्याने ठरविला, जागा ज्याने नेमली, तो त्या दिवसापुरता यजमान होता. घरी आवतण देऊन ऐन वेळी दाराला आतून कडी घालणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात हे आम्ही सांगावयास नको. मग तेच एखाद्या कंपनीने केले की त्याला ‘गर्दी अनावर झाली’ असे सौम्य नाव का मिळावे? पाहुणे जास्त आले हा पाहुण्यांचा अपराध होत नाही.

आणि हे कोणाकडून घडावे? विमान वाहतुकीच्या धंद्याकडून! या धंद्याचे सारे कसब जर कशात असेल, तर ते पुष्कळ माणसांना एका अरुंद दारातून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, एकमेकांना धक्का न लागता आत नेण्यात आहे. प्रवाशाला आधीच कळते की त्याचे आसन कितवे आहे, दार कोणते आहे आणि ते किती वाजता बंद होणार आहे. दोनशे माणसे रांगेत उभी राहतात, त्यांतही आधी कोणी चढावयाचे आणि मागून कोणी, याचा हिशेब असतो. म्हाताऱ्यांना खुर्ची येते. लेकुरवाळ्या बाईला पुढे सोडतात. जे लोक दररोज हजारो प्रवाशांना ही वागणूक देऊ शकतात, त्यांना वर्षातून एकदा उमेदवारांच्या हाती क्रमांकाची एक चिठ्ठी देता येत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही. त्यांना येत नाही असे नव्हे. त्यांना त्याची गरज वाटत नाही. प्रवासी पैसे देतो आणि उमेदवार पैसे मागावयास आला आहे, अशी त्यामागे समजूत आहे.

ही समजूत केवळ कंपन्यांची नाही. ती आपल्या नियमांतही भिनलेली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम पाहा. तिकीट हाती असताना जागेअभावी प्रवाशाला विमानात घेतले नाही आणि दुसऱ्या विमानाची वेळेत सोय केली नाही, तर परिस्थितीनुसार त्याला वीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागते. उड्डाणाला ठरावीक मर्यादेपलीकडे विलंब झाला, तर त्याला खाण्यापिण्यास द्यावे लागते. हे नियम चांगले आहेत आणि ते पुरते पाळले जावेत असेच आम्ही म्हणू. परंतु जो प्रवासी वातानुकूलित दालनात खुर्चीवर बसून दोन तास खोळंबतो, त्याच्या चहाची काळजी सरकारला आहे, आणि त्याच विमानतळाच्या भिंतीबाहेर सकाळपासून उभा असलेल्या तरुणाच्या घोटभर पाण्याची काळजी कोणत्याही नियमात नाही. आठ-दहा तासांच्या प्रवासानंतर मुलाखतच न घेता ज्याला परत पाठविले, त्याच्या रेल्वेभाड्याची भरपाई कोण देणार? तो तर हे भाडेसुद्धा बहुधा उसने आणतो.

भाडे राहू द्या. उलट त्याच्याकडूनच घेतले जाते. या कंपनीच्या भरतीच्या जाहिरातींत ५०० रुपयांच्या डिमांड ड्राफ्टची अट वाचावयास मिळत असे. अनुसूचित जाती-जमाती आणि माजी सैनिक यांना त्यातून सूट असे, बाकीच्यांचे पैसे परत मिळत नसत. निवड झाली तरी नाही, न झाली तरी नाही. दहा हजार उमेदवारांनी असे शुल्क भरले तर त्याचे पन्नास लाख रुपये होतात, हे गणित शाळेतला मुलगाही करील. निवडीला खर्च येतो हे खरे. परंतु माणसे कंपनीला हवी आहेत, तेव्हा निवडीचा खर्च कंपनीने सोसावा हा सरळ व्यवहार झाला. तो खर्च ज्यांच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यांच्याकडून वर्गणीसारखा गोळा करणे, आणि ज्यांना नोकरी मिळणार नाही अशांच्या पैशांतून ज्यांना मिळणार आहे त्यांची निवड करणे, हा कोणता न्याय? गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. आम्ही म्हणतो, त्याला अक्कल पुरेपूर असते, फक्त नकार देण्याची सोय नसते. त्या गैरसोयीचा फायदा घेणाऱ्याला चतुर म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

एवढी माणसे येतील याची कल्पना नव्हती, अशी सबब यावर पुढे केली जाते. ही सबब एकविसाव्या शतकात तरी पटण्यासारखी नाही. रेल्वेने २०१९ साली जाहीर केलेल्या पस्तीस हजारांवर बिगर-तांत्रिक जागांसाठी सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. त्या सव्वा कोटींना कोणी एका फाटकाशी उभे केले नाही. आधी नोंदणी झाली, प्रत्येकाला दिवस, वेळ आणि केंद्र नेमून देण्यात आले. इतकेच नव्हे, तर रेल्वे भरती मंडळांनी घेतलेल्या ५०० रुपयांच्या शुल्कातून, उमेदवार परीक्षेस बसला की बँकेचा आकार वजा जाता ४०० रुपये परत देण्याची पद्धत २०१८ पासून ठेवली. रेल्वेचा कारभार निर्दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. याच परीक्षेच्या निकालावरून २०२२ सालच्या जानेवारीत बिहार आणि उत्तर प्रदेशात तरुण रुळांवर उतरले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु कोटीच्या संख्येलाही वेळ आणि क्रमांक देता येतो, आणि शुल्क घेतले तरी ते परत करता येते, एवढे तर त्यातून सिद्ध झाले. मग जी गोष्ट सव्वा कोटींच्या बाबतीत होऊ शकते ती पंचवीस हजारांच्या बाबतीत का होऊ नये?

आणि इशारा नव्हता असेही नाही. कलिन्याच्या प्रकाराच्या काही दिवसच आधी गुजरातमध्ये अंकलेश्वरला एका हॉटेलात मुलाखतींसाठी जमलेल्या तरुणांच्या दाबाने कठडा तुटला होता. त्याआधी, २०१४ सालच्या जूनमध्ये, आपल्या याच मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरुणांचे प्राण गेले आणि मग धावण्याचे अंतर व पद्धत बदलण्यात आली. आपल्याकडे नियम सुधारावयाचा तर आधी कोणाचा तरी जीव जावा लागतो, असाच याचा अर्थ घ्यावयाचा काय? कलिन्याला सुदैवाने कोणी मेले नाही. म्हणूनच बहुधा काही बदललेही नाही.

आतापर्यंत आम्ही ओझी उचलणाऱ्यांबद्दल बोललो. आता विमानाच्या आत काम करू इच्छिणाऱ्या मुलींकडे वळू. तेथे रेटारेटी नसते. हॉटेलातील थंडगार दालन असते, गोड बोलणे असते. अवहेलना मात्र तेथेही असते, ती फक्त इस्त्री केलेली असते. आमच्या भाषेने या व्यवसायाला ‘हवाई सुंदरी’ असे नाव दिले, त्यातच आपली दृष्टी उघडी पडली. वास्तविक या कर्मचाऱ्यांचे पहिले काम चहा देणे नाही. आग लागली, धूर कोंडला, विमान पाण्यात उतरवावे लागले, तर दीड-दोन मिनिटांत शेकडो माणसे बाहेर काढणे हे ते काम आहे. म्हणून टाचा उंचावून हात विशिष्ट उंचीपर्यंत पोहोचतो की नाही हे पाहिले जाते, कारण आपत्कालीन साहित्य वरच्या कप्प्यात असते. दृष्टी, श्रवण, पोहणे तपासले जाते. या कसोट्या रास्त आहेत आणि त्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. परंतु या कसोट्यांच्या आडोशाने चेहऱ्याची, रंगाची, दातांच्या ठेवणीची जी पारख चालते, तिचा प्रवाशांच्या सुरक्षेशी काय संबंध? शिकवणीच्या संस्थांना मोठे शुल्क देऊन, नवे कपडे शिवून आलेली मुलगी दारातून आत येताच एका दृष्टिक्षेपात बाद होते आणि ती का बाद झाली हे तिला कधीच कळत नाही. ती घरी जाते ती आपल्यातच काही उणे आहे असे समजून.

हा रोग केवळ आपल्या देशाचा नाही. २०२२ सालच्या नोव्हेंबरात स्पेनच्या राजधानीत एका आखाती विमान कंपनीसाठी निवड चालली असता, उमेदवार मुलींना अंतर्वस्त्रांखेरीज सारे कपडे उतरविण्यास सांगितले गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या. परंतु त्याच देशातील दुसरे उदाहरण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. तेथील आयबेरिया ही कंपनी उमेदवार स्त्रियांची गर्भचाचणी करीत असे. त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी आपण हे करतो, असे तिचे म्हणणे होते. २०१७ साली बॅलेरिक बेटांच्या प्रशासनाने तिला २५,००० युरोंचा दंड केला आणि कंपनीने ती चाचणी थांबविण्याचे जाहीर केले. दंडाची रक्कम कंपनीच्या मानाने किरकोळ होती. परंतु नोकरी अजून न मिळालेल्या, केवळ अर्ज केलेल्या स्त्रीलाही हक्क असतात, हे शासनाने ठणकावून सांगितले, आणि एवढे सांगणे पुरेसे ठरले.

आपल्याकडे न्यायालयांनी असे काही सांगितले नाही असे नाही. पहिल्या गर्भारपणाबरोबर विमानसेविकेची नोकरी संपविणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला, जरी पहिली चार वर्षे लग्न न करण्याची अट त्याच निकालाने कायम ठेवली. पुढे १९९१ साली शंकरसन दास खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, निवड-यादीत नाव आले म्हणून उमेदवाराला नेमणुकीचा हक्क प्राप्त होत नाही, मात्र म्हणून सरकारला मनमानी करण्याचा परवानाही मिळत नाही. २०१३ सालच्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने संरक्षण दिले ते कामाच्या जागी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, मग ती नोकरीत असो वा नसो. म्हणजे तत्त्व मान्य आहे. नाही ती रोजच्या व्यवहाराला लागू पडणारी, साधी, खणखणीत नियमावली. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविल्या पाहिजेत असा कायदा आपण १९५९ सालीच केला होता. जागा कळविण्याची सक्ती केली, पण जागेसाठी आलेल्या माणसाला कसे वागवावे याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

या पोकळीत कोण शिरते ते पाहिले म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी येते. ‘तुमची विमानतळावर निवड झाली आहे, गणवेशासाठी आणि अनामत म्हणून अमुक रक्कम पाठवा’ असे दूरध्वनी तरुणांना येतात, पैसे भरले की तो आवाज नाहीसा होतो. अशा टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही, असे इशारे विमान कंपन्यांना आपल्या संकेतस्थळांवर द्यावे लागले आहेत. परंतु हे भामटे फोफावतात कशावर? खऱ्या भरतीत शुल्क घेतले जात असेल, उत्तर कधीच येत नसेल आणि कागदांचे पुढे काय झाले हे कोणालाच ठाऊक नसेल, तर खरे आणि खोटे यांतला फरक खेड्यातल्या मुलाने ओळखावा कसा? ज्या दिवशी प्रत्येक खरी कंपनी प्रत्येक उमेदवाराला वेळेवर लेखी उत्तर देऊ लागेल, त्या दिवशी खोट्यांचा अर्धा धंदा आपोआप बसेल.

आम्ही केवळ दोष दाखवून थांबत नाही. आमच्या मागण्या पाच आहेत आणि त्यांपैकी एकही खर्चिक नाही. पहिली, आधी नोंदणी आणि प्रत्येकाला दिवस, वेळ व क्रमांक दिल्यावाचून कोणत्याही विमान वा विमानतळ कंपनीने सामुदायिक मुलाखत घेऊ नये. जेथे बोलवाल तेथे सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार यांची सोय असलीच पाहिजे. दुसरी, अर्जासाठी शुल्क नको, घेतलेच तर हजर राहणाऱ्याला परत द्यावे. तिसरी, ठरलेल्या मुदतीत ‘होय’ किंवा ‘नाही’ हे लेखी कळवावे, आणि ‘नाही’ असेल तर निदान कोणत्या कसोटीवर, ते एका ओळीत सांगावे. चौथी, शरीराच्या ज्या कसोट्या कामाला खरोखर आवश्यक आहेत त्या कारणांसह जाहिरातीतच छापाव्यात, वैद्यकीय तपासणी निवडीनंतर आणि वैद्यांकडूनच व्हावी, स्त्रियांची स्त्री-डॉक्टरकडून. पाचवी, गोळा केलेले अर्ज, आधारपत्रे आणि दूरध्वनी क्रमांक यांच्या प्रती सांभाळण्याची व काम संपताच त्या नष्ट करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी.

खाजगी कंपन्यांना हे कसे सांगणार, असा प्रश्न कोणी करू नये. विमानतळावर काम करावयाचे तर सरकारची सुरक्षा-परवानगी लागते. २०२५ सालच्या मे महिन्यात सरकारने एका परदेशी कंपनीची अशी परवानगी रद्द केली आणि तिचा येथील कारभार थांबला. म्हणजे दोरी सरकारच्या हाती आहे. विमानतळ चालविणाऱ्यांशी सरकारचे करार आहेत, आणि ते चालविणारे पुढे सामान हाताळणाऱ्यांशी करार करतात. या करारांत माणसाला माणसासारखे वागविण्याचे एक कलम घालावयास कोणता अडथळा आहे? नवी मुंबईचा विमानतळ नवा आहे, त्याच्या सवयीही अजून घडावयाच्या आहेत. वाईट वहिवाट पडण्याआधी चांगली पाडणे सोपे असते. राज्य सरकारने हा आग्रह धरावा, विशेषतः ज्यांच्या जमिनीवर ही धावपट्टी उभी आहे त्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी. आपल्याच गावच्या मातीवर उपऱ्यासारखे ताटकळण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकांना आणि स्वतःलाही. कलिन्याचे छायाचित्र छापून आम्ही वृत्तपत्रवाले मोकळे झालो. त्या २२१६ जागांवर पुढे कोणाकोणाची नेमणूक झाली आणि बाकीच्यांना कोणी काही कळविले का, याचा पाठपुरावा आम्हीही करावा तसा केला नाही. हा दोष आमचाही आहे. आणि आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक विमानाच्या खिडकीतून खाली पाहतो तेव्हा आपली पेटी नीट चढली की नाही एवढेच पाहतो. ती चढविणारा हात त्या दिवशी फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकीच एखाद्याचा असेल, हे आपल्या मनात येत नाही. ते येऊ लागले की कंपन्यांनाही आपली रीत बदलावी लागेल, कारण प्रवाशाची नाराजी त्यांना लवकर कळते.

विमान सुटण्याच्या वेळी एखादा प्रवासी उशिरा आला, तर कंपनी ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव घेऊन त्याला पुन्हा पुन्हा हाक मारते. चूक त्याची असते, तरी हाक मारते. जो उमेदवार वेळेआधी येऊन दिवसभर उभा राहिला, त्याला एकदा तरी नावाने हाक मारा, एवढेच आमचे मागणे आहे. नोकरी द्यावयाची की नाही ते नंतर ठरवा.